अतिरेकाची कथा आणि 'म्हणून'चा प्रश्न

टिळकयुगातील मराठीने राजकीय मतभेदासाठी 'जहाल' आणि 'मवाळ' असे दोन शब्द वापरले. या दोन्ही शब्दांत मतांच्या धगीचा निर्देश आहे, माणसाचा निवाडा नाही. 'अतिरेकी' हा शब्द निराळा आहे. 'अतिरेक' म्हणजे मर्यादेचे उल्लंघन. तो भाजीतल्या मिठाचाही होऊ शकतो. ऐंशीच्या दशकात पंजाबच्या बातम्यांबरोबर वृत्तपत्रीय मराठीत 'अतिरेकी' हे माणसाचे नाम म्हणून रुळले आणि हा शब्द उच्चारताच चेहरा झाकलेली एक बंदूकधारी आकृती डोळ्यांपुढे उभी राहू लागली. ही आकृती बोलत नाही. ती कोणाच्या घरी जन्मली, काय शिकली, कशाने दुखावली, यांपैकी काहीही त्या शब्दातून कळत नाही. तरुणांना अतिरेकाच्या धोक्यांविषयी शिकवावे असे जे सर्वत्र म्हटले जाते, ते बहुधा या मुक्या आकृतीविषयी शिकविणे असते. ते सोपे आहे आणि निरुपयोगीही आहे. खरी अडचण सुरू होते ती ही आकृती बोलू लागली म्हणजे.

प्रस्तुत लेखकाला ही अडचण एका स्नेहसंमेलनात भेटली. वर्धा जिल्ह्यातील देवळी हे आमचे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिके. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव लागते, आणि सेवाग्रामची गांधींची कुटी येथून तासाभराच्या आत गाठता येते. येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवीत असे. काही वर्षांपूर्वी बारावीच्या एका मुलाने संमेलनात एकपात्री प्रयोग म्हणून प्रदीप दळवी यांच्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकातील स्वगत सादर केले. मुलगा शेतकऱ्याचा, अबोल, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज असा लागला होता की मंडपातील कुजबुज थांबली. प्रयोग संपताच मोठा कडकडाट झाला. त्या कडकडाटात माझेही दोन हात होते, हे मला क्षणभराने कळले. सेवाग्रामपासून इतक्या जवळच्या गावी, गांधींवर आयुष्यभर तास घेतलेला मराठीचा शिक्षक गांधींच्या मारेकऱ्याच्या स्वगताला टाळ्या वाजवितो. यात मुलाचा दोष पाहणे मला शक्य नव्हते. दोष असलाच तर माझ्या वाचनाचा होता, आणि या लेखाचा प्रश्न तेथूनच निघाला आहे.

प्रथम एक समाधान करून घेतो. माझ्यापेक्षा कितीतरी सावध श्रोत्यांची हीच गत झालेली आहे. १९४९ मध्ये सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयापुढे अपिलाची सुनावणी झाली, तेव्हा नथुरामने आपली बाजू स्वतः मांडली. त्या खंडपीठावरील एक न्यायमूर्ती गो. द. खोसला यांनी पुढे १९६३ साली या खटल्यावर पुस्तक लिहिले. नथुरामच्या भाषणाने न्यायालयातील श्रोते किती हेलावले होते याचे वर्णन त्यांनी केले आहे. स्त्रियांच्या डोळ्यांत पाणी होते, पुरुष हातरुमाल चाचपीत होते. त्या श्रोत्यांची ज्यूरी करून त्यांच्यावर निकाल सोपविला असता तर तो प्रचंड बहुमताने निर्दोषत्वाचा लागला असता, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. खोसलांनी स्वतः मात्र शिक्षा कायम केली. त्यांच्या त्या परिच्छेदाला अनेकांनी नथुरामच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरले आहे. मला तो वाङ्मयीन परिणामाविषयीचा एक मौल्यवान दस्तऐवज वाटतो. एकच माणूस बोलतो आहे, मृत माणूस उत्तर देऊ शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला नकळत न्यायाधीशाच्या आसनावर बसविण्यात आले आहे. या तीन गोष्टी जमून आल्या की रुमाल बाहेर निघतात. विचार पटला की नाही हा प्रश्न त्या वेळी उपस्थितच होत नाही.

दळवींच्या नाटकाचे सामर्थ्य नेमके याच रचनेत आहे. शीर्षकातील 'बोलतोय' हे चालू वर्तमानकाळाचे क्रियापद पाहावे. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला फाशी गेलेला माणूस आता, तुमच्यासमोर, तुमच्याशी बोलतो आहे. प्रेक्षकाशी थेट संवाद हे या नाटकाचे मुख्य तंत्र. नथुराम येथे केवळ एक पात्र राहत नाही. तोच निवेदक होतो आणि इतर सर्व पात्रे त्याच्या निवेदनात राहतात. १९९८ च्या जुलैत नाटक रंगभूमीवर आले, थोड्याच दिवसांत राज्य शासनाने त्यावर बंदी घातली आणि २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती उठविली. गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या पुस्तकाचीही तशीच कथा आहे. बंदीच्या बाजूने मी कधी नव्हतो. बंदीने त्या स्वगताला आणखी एक अंक जोडून दिला: ज्याला बोलू दिले जात नाही तो खरे सांगत असला पाहिजे, हा तरुण मनाचा सहज तर्क. आमच्या त्या मुलानेही हे स्वगत निवडले ते गांधींच्या द्वेषाने नव्हे. 'सर, हे कोणी करू देत नाही म्हणते, म्हणून घेतलं,' असे त्याने मला सरळ सांगितले.

त्या उत्तरातला 'म्हणून' तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, 'त्यानं सांगतलं ते समदं खोटं आहे का मंग?' मी बोलू लागलो आणि अडखळलो. कारण सारे खोटे नव्हते. फाळणी झाली होती, निर्वासितांचे हाल झाले होते, पंचावन्न कोटी रुपये पाकिस्तानला देण्याचा निर्णय गांधींच्या उपोषणाच्या काळातच झाला होता. अतिरेकाच्या कथेतील तपशील बहुधा असेच, तपासून पाहिले तर पुष्कळसे खरे असतात. शिक्षक जर 'हे सारे खोटे आहे' या पवित्र्यात गेला, तर एखादा तपशील खरा निघताच त्याचा पराभव होतो; आणि तो तपशील शोधून काढायला आता मुलाच्या खिशातला मोबाइल पुरेसा आहे. लबाडी तपशिलात नसते. ती दोन तपशिलांना जोडणाऱ्या शब्दात असते. निर्वासितांचे हाल झाले, म्हणून. पंचावन्न कोटी दिले, म्हणून. या 'म्हणून'च्या अलीकडे एक दुःख आहे आणि पलीकडे बिर्ला भवनाच्या हिरवळीवरील प्रार्थनेला निघालेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे. स्वगताची सारी कला ही दोन टोके श्रोत्याच्या मनात इतक्या वेगाने जोडण्यात आहे की मधली दरी दिसू नये.

ती दरी पाहायची तर कालक्रम हाती घ्यावा लागतो. ज्यांच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे त्यांना याचे एक साधन घरच्या घरी उपलब्ध आहे. १९४४ च्या सप्टेंबरात गांधी जीनांशी बोलणी करण्यासाठी मुंबईस जाण्याच्या तयारीत होते. ती बोलणी होऊ नयेत म्हणून पुण्याकडून आलेल्या हिंदुत्ववादी निदर्शकांची एक तुकडी सेवाग्रामच्या आश्रमाबाहेर उभी राहिली. पोलिसांनी त्यांना पकडले, तेव्हा एकाजवळ सुरा सापडला. प्यारेलाल यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. त्या तुकडीत नथुराम स्वतः होता की नव्हता याविषयी मतभेद आहेत आणि वर्गात तो वाद सोडविण्याची गरजही नाही. साल पुरेसे आहे. १९४४ मध्ये फाळणी झालेली नव्हती, पंचावन्न कोटींचा प्रश्न जन्मलेलाच नव्हता. पण सुरा आश्रमाच्या दारापर्यंत येऊन पोचला होता. कृत्याचे कारण म्हणून पुढे जे सांगितले जाते त्याच्या आधीच कृत्याची इच्छा हजर असेल, तर 'म्हणून' या अव्ययाची दिशा उलटी होते. आधी पलीकडचे टोक ठरते. अलीकडची दुःखे मागाहून गोळा केली जातात. मुलांना हे फार लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. मामाशी भांडायचे असे आधी ठरवून मग जुनी कारणे आठवणे त्यांच्या घरातही चालते.

येथे दुसऱ्या एका नाटकाची आठवण होते. तेही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातले, आणि त्याचे नाटककारही दळवीच. हा केवळ आडनावांचा योगायोग. अजित दळवी यांचे 'गांधी विरुद्ध गांधी' दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेले आहे. त्यातील हरिलालची गांधींविरुद्धची फिर्याद नथुरामच्या फिर्यादीहून सौम्य नाही; माझ्या मते ती अधिक जिव्हारी लागणारी आहे, कारण ती मुलाची आहे. पण ती फिर्याद गांधींच्या समोर उभी राहून केलेली आहे. बाप उत्तर देतो. ते उत्तर अनेकदा अपुरे पडते, आणि मध्ये कस्तुरबा उभी असते, जिला दोघांपैकी कोणाचाही विजय परवडणारा नाही. हे नाटक पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक गांधींविषयी अस्वस्थ होऊ शकतो, रागावूही शकतो. पण त्याच्या हाती पिस्तूल येत नाही. मिखाईल बाख्तिनने कादंबरीतील अनेकस्वरीयतेविषयी जे सांगितले ते आपल्या समीक्षेत नव्वदीनंतर बरेच उद्धृत झाले, बहुधा कथनतंत्राचा एक विशेष म्हणून. त्यातील नैतिक बाजू आपण फारशी हाताळली नाही. ज्या संहितेत आरोपित उत्तर देऊ शकतो ती संहिता आणि ज्या संहितेत त्याला बोलण्याची सोयच ठेवलेली नाही ती संहिता, या दोन्ही वाचकाला निरनिराळी माणसे बनवितात.

अतिरेकाचा उगम दाखविणारी, आणि तरीही स्वगत न होणारी कादंबरी मराठीत आहे. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. मनोहर हे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात दीर्घकाळ राहिलेले कार्यकर्ते. माडियांचे जगणे त्यांनी पाहुण्याच्या नजरेने पाहिलेले नाही. त्यांच्या कादंबरीतील माडिया तरुण नक्षलवादी होतो तो कोणते पुस्तक वाचून नव्हे. जंगलखाते, ठेकेदार, पोलीस, या प्रत्येकाची एकेक मागणी आणि प्रत्येकाचा एकेक तडाखा यांतून त्याच्यापुढील वाटा एकामागून एक बंद होत जातात. नथुरामच्या स्वगतात जो 'म्हणून' एका श्वासात उच्चारला जातो, तो येथे साऱ्या कादंबरीभर ताणलेला आहे. वाचकाला प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारता येते: येथे दुसरे काही घडू शकले असते का? एखादा वनरक्षक निराळा वागला असता तर? तक्रार ऐकणारा एखादा अधिकारी भेटला असता तर? काही ठिकाणी उत्तर 'हो' येते, काही ठिकाणी नाही, आणि जेथे ते 'नाही' येते तेथे वाचणाऱ्याला आपल्या राज्यव्यवस्थेची शरम वाटते. ती वाटलीच पाहिजे. अतिरेकाच्या धोक्यांविषयी शिकविताना अन्यायाचा उल्लेख टाळणारा शिक्षक मुलांच्या लेखी सरकारी माहितीपत्रक होतो.

कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत. निवेदक वारंवार समजावून सांगू लागतो. माडिया चालीरीतींची माहिती कथेच्या अंगात न मुरता वर तरंगत राहते. अनेक व्यक्तिरेखा त्या त्या खात्याच्या प्रतिनिधी म्हणूनच येतात. यापेक्षा महत्त्वाची मर्यादा शीर्षकातच आहे. ही जन्माची कथा आहे. कादंबरीचा भर घडण्यावर आहे, पुढच्या आयुष्यावर नाही. पुढचा भाग शिक्षकाने जोडून द्यावा लागतो, आणि तो भाग कल्पनेने रचण्याची गरज नाही. आंध्रातून आलेली पथके १९८० च्या सुमारास सिरोंचा-अहेरीच्या जंगलात शिरली. तेंदूपानाच्या मजुरीचे दर त्यांच्या दबावाने वाढले, हे नाकारता येत नाही. त्यानंतर 'पोलिसांचा खबऱ्या' हा शिक्का आला आणि तो ज्यांच्यावर बसला ते बहुतेक त्याच गावांतले आदिवासी होते. १९९० पासून पोलिसांनी सी-६० ही पथके उभी केली आणि त्यांत स्थानिक तरुण घेतले. म्हणजे दोन्ही बाजूंच्या बंदुकांमागे पुष्कळदा एकाच टोल्यावरची मुले उभी राहिली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या वरिष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. या पंचेचाळीस वर्षांची कादंबरी अजून लिहिली गेलेली नाही. ती कोणी लिहील तेव्हा त्यात दोन भाऊ असतील आणि त्यांच्यातील एकाचाही आवाज लेखकाला दाबता येणार नाही, असे वाटते.

या कादंबरीवर बोलत असताना वर्गात जो प्रश्न येतो तो टाळता येत नाही. जंगलातला तरुण अतिरेकी आणि चापेकर हुतात्मे, हे कोणी ठरवले? प्रश्न खोडसाळ नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकर आणि त्यांच्या बंधूंनी प्लेग कमिटीचे रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग असताना अठरा वर्षांच्या अनंत कान्हेऱ्याने कलेक्टर जॅक्सनला मारले. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. परकी सत्ता, मतपेटीचा अभाव आणि प्लेगच्या काळातली घरझडती, हे सारे सांगून फरक स्पष्ट करता येतो, आणि तो करावा. तो खराही आहे. पण त्याने प्रश्नाचे पूर्ण निरसन होत नाही, हेही मुलांपुढे कबूल करावे असे माझे मत आहे.

दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त या दृष्टीने वाचनीय आहे. आपण त्यांच्या नावाने चौक बांधले, आत्मवृत्त मात्र वाचले नाही. त्यात इंग्रजांविषयीचा संताप आहे तसाच सुधारकांविषयीचा आहे. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारे हात आणि सुधारणेची भाषा बोलणाऱ्या आपल्याच माणसांना मारहाण करणारे हात एकच आहेत, आणि लिहिणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही. सैन्यात शिरण्याची उत्कट इच्छा, कवायतीची हौस, शस्त्राचे वेड, आणि ते कोठे वापरावे याचा नंतरचा शोध. हा क्रम आत्मवृत्त वाचणाऱ्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. धैर्य खरे आहे. फासावर जाताना ते डगमगले नाहीत. पण त्या धैर्याबरोबर एक अशी उतावीळ शक्ती वावरते आहे की जिला शत्रू हवाच आहे, आणि तो इंग्रज नसेल तर पागोट्याऐवजी टोपी घालणारा शेजारीही चालेल. हुतात्म्याचा पुतळा हे शिकवीत नाही. त्यांचे स्वतःचे गद्य शिकविते.

आल्बेर काम्यूने १९४९ साली 'ले ज्यूस्त' हे नाटक लिहिले, त्यात या उतावीळ शक्तीला क्षणभर लगाम बसल्याचे दृश्य आहे. १९०५ मध्ये मॉस्कोत ग्रँड ड्यूक सर्गेईच्या गाडीवर बॉम्ब टाकायला निघालेला कालियायेव गाडीत मुले पाहून हात आखडता घेतो. ही इतिहासात घडलेली गोष्ट. दोन दिवसांनी त्याने बॉम्ब टाकलाच. काम्यूला त्याच्याविषयी सहानुभूती आहे. परंतु परत आल्यावर त्याचे सोबती त्याला जाब विचारतात तो प्रवेश नाटकाचा गाभा आहे. 'म्हणून' हा शब्द तेथे एका माणसाच्या तोंडात राहत नाही, तो पाच-सहा जणांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या तोंडी निराळा ऐकू येतो. आपल्याकडे क्रांतिकारकांवर इतकी नाटके झाली, त्यांत अशी खोली, जेथे कटात असलेलेच एकमेकांशी वाद घालतात, मला फारशी आढळलेली नाही.

नथुरामच्या 'म्हणून'पाठोपाठ महाराष्ट्रात दुसरा एक 'म्हणून' गावोगाव फिरला. मारणारा ब्राह्मण, म्हणून. पश्चिम महाराष्ट्रात त्या आठवड्यांत घरे पेटली. ज्यांनी नथुरामचे नावही ऐकले नव्हते अशी माणसे उघड्यावर आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये हे आहे, आणि माडगूळकरी संयमाने आहे: आवाज न चढविता, गुन्हेगाराचे नाव न पुकारता. शीर्षक वाऱ्याचे आहे, माणसाचे नाही, याविषयी कोणी तक्रार करू शकेल. वावटळीला जाब विचारता येत नाही. तरीही मी वर्गात दळवींच्या नाटकाबरोबर ही कादंबरी वाचायला देत असे, कारण एकट्याचे स्वगत आणि जमावाचा गलका यांत शब्द तोच वापरला जातो हे ती दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावर आपोआप दिसते.

वर्धा जिल्ह्याने शिक्षणाचा एक मोठा प्रयोग देशाला दिला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. सूतकताईतून गणित, शेतीतून विज्ञान. हिंसेवरचा तिचा उपाय असा की हात उत्पादक कामात गुंतला म्हणजे मन द्वेषाकडे जाणार नाही. या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण आपल्याला न पटणारी संहिता समोर आली तर ती कशी वाचावी, तिच्या मोहात कसे सापडावे आणि त्यातून कसे बाहेर यावे, याला त्या अभ्यासक्रमात मोठी जागा होती असे दिसत नाही. गांधींच्या मारेकऱ्याजवळ हातांचे कौशल्य होते. तो शिंपीकाम करीत असे. त्याला कमी पडले ते बहुधा दुसरेच काही.

नंतरच्या वर्षी मी फळ्यावर एक अपुरे वाक्य लिहिले: 'कापसाला भाव मिळत नाही, म्हणून —' आणि वर्गाला ते पूर्ण करायला सांगितले. आमच्या भागात हे वाक्य व्याकरणाचा नमुना नसते. वर्गातील दोन-तीन मुलांच्या घरी या वाक्याचा शेवट वडिलांनी आपल्या परीने लिहून झाला होता, हे मला लिहून झाल्यावर सुचले आणि खडू हातातच राहिला. मुलांनी मात्र लिहिले. म्हणून पुण्याला जावे लागते. म्हणून सोयाबीन पेरतो. म्हणून बाबा दारू पितात. म्हणून मोर्चा काढला पाहिजे. म्हणून व्यापाऱ्याला चौकात उभे करून मारले पाहिजे. म्हणून बहिणीचे लग्न थांबले. एकीने लिहिले: म्हणून काय, हे मला माहीत नाही. चाळीस कागदांवरच्या एकाच पूर्वार्धातून निघालेले हे उत्तरार्ध आम्ही मोठ्याने वाचले. व्यापाऱ्याला मारायला निघालेल्या मुलाला कोणी गप्प केले नाही. मागून एकाने एवढेच विचारले, 'कोणत्या व्यापाऱ्याले? भाव तर तो ठरवत नाही.' त्यावर अर्धा तास वाद झाला. तो तास अभ्यासक्रमाच्या कोणत्याही घटकात बसत नाही, आणि बोर्डाच्या परीक्षेत त्याला गुण नाहीत.

मार्च १९४८ मध्ये, हत्येनंतर सहा-सात आठवड्यांनी, सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांचे संमेलन भरले. नेहरू, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, कालेलकर अशी मंडळी जमली होती; पुढे काय करावे हा प्रश्न होता. तेथे विनोबा जे बोलले ते आता छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ज्या प्रांतातून आणि ज्या जातीतून हे कृत्य करणारा माणूस आला त्याच प्रांताचा, त्याच जातीचा मी आहे, जात मी सोडली असली तरी ते विसरणे मला शक्य नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. येथे 'म्हणून'ने तिसरेच वळण घेतले आहे. तो शत्रूकडे जात नाही. शेजाऱ्याच्या घराकडेही जात नाही. तो बोलणाऱ्याकडेच परत येतो. जमावाने ज्या तर्काने घरे जाळली, मारणारा त्या जातीचा म्हणून, तोच तर्क विनोबांनी स्वतःपुरता स्वीकारला, आणि दुसऱ्या कोणालाही तो लावला नाही. वक्तृत्व असे त्यात काहीच नाही. वाक्ये साधी, थोडी चाचपडणारी, मध्येच थांबणारी.

नथुराम केलेल्या त्या मुलाला मी हा मजकूर वाचायला दिला होता. तो तेव्हा महाविद्यालय सोडून वर्ध्याला शिकायला गेला होता. सुटीत भेटायला आला. त्याने कागद परत केले आणि म्हणाला, 'सर, चांगलं आहे. पण हे स्टेजवर जमत नाही. मी करून पाहलं आरशासमोर. ह्याच्यात लोकाइकडे पाहून बोलताच येत नाही, खाली पाहा लागते.'